सिआंगदादांच्या घरची मुलगी

सिआंगको

"वाचा ना, आंकोंग. पाच पिढ्यांत आमच्याकडे हे कुणाला वाचता आलेलं नाही. तुम्ही पहिलेच."

मारिबेलच्या वडिलांनी हातभर लांबीची, मेणबत्त्यांच्या धुराने काळी झालेली एक लाकडी पाटी दोन्ही हातांनी पुढे धरली होती. ती त्यांच्या देव्हाऱ्यात बाळ येशूच्या शेजारी उभी असायची. तिच्यावर चिनी अक्षरं होती. तो कसला तरी आशीर्वाद असावा अशी घरात समजूत होती.

मुलाकडचे मागणी घालायला आले होते. मुलाकडचे म्हणजे विल्सन, त्याचे आजोबा आणि मी. विल्सनच्या घरात आजोबांना सगळे आंकोंग म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. जेवणं झाली होती. टेबलावर खोबऱ्याची गोड वडी यायची बाकी होती.

आंकोंगनी चष्मा पुसला आणि पाटी खिडकीच्या उजेडात धरली.

"लिम," ते म्हणाले.

मग बोट खालच्या अक्षरांवरून फिरवलं.

"लिम सिआंग. गाव चिनकांग. मुलगा अमुक, त्याने ही पाटी बसवली."

"लिम?" मारिबेलचे वडील तोमास गोंधळले. ते पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. नाव आणि पत्ता जुळला नाही की त्यांना चैन पडत नसे. "पण आम्ही तर सिआंगको."

"सिआंग हे त्यांचं नाव. को म्हणजे दादा. गल्लीत सगळे सिआंगदादा म्हणून हाक मारत असतील. स्पॅनिश कारकुनाने विचारलं असेल, ह्याचं नाव काय? शेजाऱ्याने सांगितलं असेल, सिआंगको. झालं. तेच मुलांना लागलं, नातवंडांना लागलं. लिम मागे राहिलं."

"म्हणजे मी मारिबेल सिआंगदादा?" मारिबेल हसत सुटली. "आणि बाबा तोमास सिआंगदादा. ऑफिसात कळलं असतं तर!"

तिची आई हसली, मी हसले, तोमास तर डोळे पुसेपर्यंत हसले. विल्सन मात्र हसला नाही. तो आजोबांकडे बघत होता.

विल्सनचं आडनाव लिम होतं.

आंकोंगनी पाटी जपून टेबलावर ठेवली, नॅपकिनची घडी घातली आणि उठले. गोडाला हात लावला नाही. दारात थांबून तोमासना म्हणाले, "जेवण उत्तम होतं. मुलगी तुमची सोन्यासारखी आहे. पण लिम लिमशी लग्न करत नाही."

लिम

हे १९९१ सालचं. आंकोंगना जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली. मारिबेलला फोनवर विचारलं, सांगू का ही गोष्ट? ती म्हणाली, सांग, पण मला बारीक दाखव. तेव्हा ती बारीक होती, असं नमूद करते.

मी रत्नागिरीची, नीलांबरी आठल्ये. कोळंबीचं बीज हौदात कसं वाढवायचं ते शिकायला सहा महिन्यांसाठी फिलिपिन्समधल्या इलोइलोला गेले होते. मारिबेल तिथल्या प्रयोगशाळेत काम करायची. राहायला जागा तिनेच मिळवून दिली, विल्सनच्या घरी, वरच्या मजल्यावर. "घर चांगलं आहे," ती म्हणाली होती, "आणि तू तिथे असलीस की मला यायला निमित्त."

घरचा धंदा शेवयांचा. तिथे तिला मिस्वा म्हणतात, पण मला ती शेवईच. फक्त केसासारखी बारीक आणि पुरुषभर लांब. पहाटे कणीक मळायची, काठ्यांवर पीळ घालायचा आणि ऊन वर आलं की गच्चीवर दोघांनी दोन टोकं धरून ओढायची. एक जण ओढतो, दुसऱ्याने फक्त सोडायचं. ते सोडणं शिकायला मला तीन आठवडे लागले. आंकोंग वय सदुसष्ट असूनही रोज स्वतः एक टोक धरायचे. मी रोज अर्धा तास दुसरं धरायची आणि मग कामाला जायची.

त्या जेवणानंतर गच्चीवर शेवयांपेक्षा जास्त ताणाताण सुरू झाली.

"जगात लाखो लिम आहेत, आंकोंग!" विल्सन ओरडायचा.

"तेवढ्या बहिणी तुला. बाकीच्या मुली काय कमी आहेत?"

"तिच्या घरात कुणाला चिनी भाषेतला एक शब्द येत नाही. त्यांना कालपर्यंत माहीतही नव्हतं ते लिम आहेत!"

"आता आहे."

"तुम्हीच वाचलंत!"

"मग काय खोटं वाचायला हवं होतं?"

ह्यावर विल्सन धाडधाड जिना उतरून जायचा. एकदा त्याने, "मी तुम्हाला न विचारता करीन," असंही म्हणून पाहिलं. आंकोंग म्हणाले, "कर. मी काही पोलीस नाही." आणि दिवसभर जेवले नाहीत.

विल्सनचे वडील हेन्री खाली दुकान सांभाळायचे. त्यांचं म्हणणं एकच, "म्हाताऱ्याला मी आजवर काही पटवू शकलेलो नाही, तू बघ."

खरी अडचण मारिबेलची होती. तिला बोर्निओतल्या एका कोळंबी केंद्रात दोन वर्षांची नोकरी चालून आली होती. महिनाअखेरपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. हौदातलं पाणी तपासता तपासता ती मला म्हणाली, "विल्सन म्हणतो पळून जाऊ. मी त्याच्या म्हाताऱ्याला चार वर्षं ओळखते, नीला. मला ताप आला तेव्हा तो शेवयांचं सूप डब्यात घेऊन स्वतः बसने आला होता. त्याचं तोंड बंद करून मी त्या घरात शिरणार नाही. तो हो म्हणाला तर थांबते. नाही तर जाते."

"आणि विल्सन?"

"विल्सन दोन वर्षांत दुसरी कुणी बघेल. कुणी जेवायला वाढलं नाही तर त्याला स्वतः वाढून घेता येत नाही." मग तिने तोंड फिरवलं आणि काचेचं भांडं उगाच दुसऱ्यांदा धुतलं.

महिना संपायला सतरा दिवस होते.

परांजपे

सगोत्राची गोष्ट मी आंकोंगना सांगायला नको होती असं मला बरेच दिवस वाटत होतं. पाहुणीने घरच्या भांडणात पडू नये. पण एका सकाळी टोक धरून उभी असताना तोंडातून निघून गेलं.

"आमच्याकडेही हे असतंच, आंकोंग."

"काय असतं?"

"एका कुळाची मुलं-मुली एकमेकांची भावंडं. आम्ही गोत्र म्हणतो. माझ्या कुंदाआत्याचं तसंच झालं होतं. मुलगा पसंत, पत्रिका छापल्या, आणि मग कळलं गोत्र एकच."

"मोडलं?"

"नाही. आजोबांनी तिला शेजारच्या परांजप्यांना दत्तक दिलं."

आंकोंगच्या हातातली काठी थांबली. शेवया मध्येच लोंबल्या.

"दिलं म्हणजे?"

"लग्नाच्या दिवशी सकाळी. भटजी आले, मंत्र झाले, परांजपेकाका-काकूंनी तिला ओटीत घेतलं. सकाळी आत्या आमची होती, जेवणापर्यंत परांजप्यांची झाली. परांजप्यांचं गोत्र वेगळं. त्यांनीच कन्यादान केलं."

"आणि तुझे आजोबा?"

"ते स्वतःच्या मुलीच्या लग्नात पंगतीत लाडू वाढत होते. कुणी विचारलं तर म्हणायचे, मी परांजप्यांकडून आलोय."

आंकोंग हसले नाहीत. "तुमचे पूर्वज असे फसतात?"

"फसत नाहीत हो. आजी म्हणायची, त्यांना सगळं कळतं. पण आपण नियम न मोडता वाट शोधायला एवढे हेलपाटे घातले, ह्याचं त्यांना बरं वाटतं."

"मुलगी गेली ना पण त्यांची?"

"छे. तिला दोन माहेरं झाली. दिवाळीला दोन साड्या. परांजपेकाकू शेवटपर्यंत तिच्यावर हक्क सांगायच्या, तिच्या बाळंतपणाला माझ्या आजीशी भांडल्या."

त्यांनी लोंबलेल्या शेवया काठीने वर उचलल्या. मग म्हणाले, "ओढ."

मी ओढलं.

दोन दिवसांनी त्यांनीच विषय काढला. "मारिबेलच्या मामाचं आडनाव काय?"

"व्हिलानुएवा."

"नको. आमच्या पूर्वजांना काय सांगू, ती व्हिलानुएवा आहे म्हणून? त्यांना हे घर कुठलं ते कळायचं नाही. चिनी कूळ हवं."

"मग इथल्या कुणाला विचारा. चुआ आहेत, उय आहेत."

"आणि सगळ्या पेठेत बभ्रा होऊ दे? लिम म्हातारा नातवासाठी आडनाव मागत फिरतो?"

त्यांनी काठी आपटली. मला वाटलं, संपलं. महिना संपायला अकरा दिवस उरले होते. मारिबेलने बोर्निओच्या पत्राचं उत्तर लिहून पाकिटात घातलं होतं. तिकीट तेवढं लावलं नव्हतं.

ओंग

पुढच्या रविवारी घरातले सगळे चर्चला गेले. आंकोंग कधी जात नसत. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ते वर आले, उलट्या टोपलीवर बसले आणि विचारलं, "तुझ्या त्या गावात चिनी लोक आहेत का?"

"रत्नागिरीत? नाहीत."

"तुझ्या ओळखीत?"

"तुम्हीच."

"मग ऐक. एक घर आहे. ओंग नावाचं. त्यात आता कुणी नाही."

मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले.

"माझ्या जन्माचं आडनाव ओंग," ते म्हणाले. "चाळीस वर्षं माझ्याबरोबर संसार केला त्या बाईला माहीत नव्हतं. हेन्रीला माहीत नाही."

चीनमधल्या त्यांच्या गावात तापाची साथ आली आणि ओंगांच्या घरात आंकोंग एकटे वाचले, वय बारा. पलीकडे लिमांचं घर होतं. लिम इलोइलोत शेवयांचा धंदा करायचे. ते मुलाला न्यायला गावी आले होते. त्या काळी इथे अमेरिकनांचं राज्य होतं. चिनी माणसाला उतरूच देत नसत, फक्त इथल्या व्यापाऱ्याच्या पोराला परवानगी. लिमांनी मुलाच्या नावाचे कागद करून आणले होते. आणि मुलगाही त्याच साथीत गेला.

"कागद होते. पोरगा नव्हता. इकडे पोरगा होता, त्याला कुणी नव्हतं."

"म्हणून तुम्ही..."

"थांब. ते इतकं सोपं नव्हतं. बंदरावर साहेब प्रश्न विचारायचे. घराचं तोंड कुठल्या दिशेला? विहीर किती पावलांवर? आजीचा कुठला डोळा अधू? खरा मुलगा आहे की नाही ते ताडायला. ते सगळं मला शिकवलं लिमांच्या बायकोने. त्या पोराच्या आईने." त्यांनी गुडघ्यावर बोटाने ठोका धरला. "रोज दुपारी ओसरीवर. विहीर? एकोणीस पावलं. आजीचा? डावा डोळा. कोंबड्या? सात, एक लंगडी. पोराला जाऊन महिना झाला नव्हता. मी चुकलो की रागवायची नाही, फक्त पुन्हा सांगायची."

खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली. ते थांबले आणि आवाज विरल्यावरच बोलले.

"एकदाच रडली. मुलाला भाजलेलं रताळं आवडायचं, ते आईनेच सोलून द्यावं लागायचं, हे सांगताना. ते कुठला साहेब विचारणार होता? ते परीक्षेत नव्हतं. तिने उगाच सांगितलं. मग रताळं भाजलं, सोललं आणि मला दिलं. मला रताळं आवडत नसे. मी खाल्लं."

"आणि निघताना?"

"निघताना म्हणाली, आता हे नाव खाली ठेवू नकोस. तू ज्या दिवशी म्हणशील मी लिम नाही, त्या दिवशी माझं पोर पुन्हा मरेल."

आता कुठे माझ्या लक्षात आलं. विल्सन रक्ताने लिम नव्हताच. आंकोंगनी चार शब्द बोलायचे होते, की नातवाचं लग्न मोकळं. आणि त्या चार शब्दांसाठीच ते तीन आठवडे नातवाच्या शिव्या खात होते.

"सांगता आलं असतं मला," ते माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले. "रोज सकाळी ठरवतो, आज सांगू. तोंड उघडलं की ती बाई दिसते, रताळं सोलताना."

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. 

"पण तू ते परांजपे सांगितलेस," ते म्हणाले. "मी लिम आहे, लिमच राहणार. माझी मुलं लिम, विल्सन लिम. त्यात काडीचा फरक नाही. पण ओंगांचं घर पंचावन्न वर्षं बंद पडलंय. त्यांना एक मुलगी दिली तर?"

"मारिबेल?"

"ती ओंग होईल. ओंगांची मुलगी लिमांकडे सून म्हणून येईल. कुणाची काय हरकत?"

मी मनात उलटसुलट करून पाहिलं आणि मला हसू फुटलं. "आंकोंग, रक्ताने बघितलं तर मुलगा ओंग आणि मुलगी लिम. दिल्या-घेतल्या नावाने बघितलं तर मुलगा लिम आणि मुलगी ओंग."

"मग! पूर्वजांना ज्या बाजूने बघायचं त्या बाजूने बघू देत." त्या तीन आठवड्यांत त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "दोन रात्री झोप नव्हती, हे बसवत होतो."

त्याच दुपारी आम्ही दोघं तोमासच्या घरचा जिना पुन्हा चढलो. आंकोंगनी दत्तक लिहून घ्यायला लाल कागद आणला होता. तोमास दारात उभे राहिले. त्यांचा अपमान झाला होता, आणि तो अजून उतरला नव्हता.

"आज मुलीला मागणी घालायला आलो नाही," आंकोंग म्हणाले. "मुलगी मागायला आलोय. ओंगांसाठी. लग्नापुरती ती त्यांची होऊ दे, मग आमची अडचण नाही."

मी कुंदाआत्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मारिबेल स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून ऐकत होती.

"हे ओंग कोण पण?" तोमासनी विचारलं.

"माझ्या गावचे. सरळ माणसं. फार बोलत नाहीत."

"पत्ता?"

"पत्ता नाही त्यांना."

पोस्टमास्तरांना ते मुळीच आवडलं नाही. त्यांनी बायकोकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. "आणि ती रात्री जेवायला कुणाकडे असणार?"

"तुमच्याकडेच," आंकोंग म्हणाले. "ओंगांकडे स्वयंपाक होत नाही."

"मग दिली," तोमास म्हणाले.

मारिबेल आत गेली. पाकीट फाडल्याचा आवाज मला बाहेर आला.

चहा

लग्न सकाळी चर्चमध्ये लागलं आणि दुपारी लिमांच्या घरी चहा झाला. हा चहा पिण्यासाठी नसतो. नवरानवरीने गुडघे टेकून एकेका वडीलधाऱ्याला दोन्ही हातांनी कप द्यायचा, त्यांनी प्यायचा, काहीतरी हातावर ठेवायचं. तो प्याला की सून घरात आली.

दिवाणखान्यात खुर्च्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडल्या होत्या. उजवीकडे मुलाकडचे, पहिल्या खुर्चीत आंकोंग. डावीकडे मुलीकडचे, तोमास आणि त्यांची बायको, आणि त्यांच्या आधी, मानाची म्हणून, एक रिकामी खुर्ची. ती ओंगांची. हेन्रींनी सकाळपासून तिच्यावर कुणाला बसू दिलं नव्हतं. कुणी म्हणे ओंग मनिलाहून येणार, कुणी म्हणे बोटीने. मी भिंतीपाशी उभी होते आणि मला कुठे बघावं कळत नव्हतं.

चहा उजवीकडून सुरू झाला. मारिबेल लाल कपड्यात गुडघ्यांवर बसली, कप पुढे केला, म्हणाली, "आंकोंग, चहा घ्या." त्यांनी घेतला. थोडा नाही, सगळा प्यायले. तिच्या मनगटात सोन्याची बांगडी घातली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. अगदी लिमांच्या कर्त्या पुरुषासारखं, ताठ बसून. मग हेन्री, मग हेन्रीचे दोघे भाऊ, त्यांच्या बायका.

उजवी ओळ संपली. नवरानवरी डावीकडे वळली आणि रिकाम्या खुर्चीपुढे थांबली.

"ओंगांकडून कुणी आलं नाही," हेन्री हळू आवाजात म्हणाले. "वाट बघायची का? की पुढे जायचं?"

 मारिबेलच्या हातातल्या कपातून वाफ येत होती.

आंकोंग उठले. एक हात गुडघ्यावर, एक खुर्चीच्या हातावर, असे दोन दमात. उजव्या ओळीतून निघाले, मधली फरशी ओलांडली आणि डावीकडच्या त्या खुर्चीत जाऊन बसले.

"पपा," हेन्री म्हणाले, "ती त्यांची जागा आहे."

"ठाऊक आहे."

"तुमचा चहा झाला."

"तिकडचा झाला," आंकोंग म्हणाले. "दे गं."

मारिबेलने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती हुशार होती. तिने काही विचारलं नाही. ती पुन्हा गुडघ्यांवर बसली आणि कप दोन्ही हातांनी वर धरला. त्यांनी तो घेतला, ओठांपर्यंत नेला, आणि तिथेच राहिला.  मग त्यांचे खांदे हलायला लागले.

आमच्याकडे तरी असंच असतं. मुलाकडच्यांनी हसायचं, मुलीकडच्यांनी रडायचं. तीन मुलगेच झालेला हा माणूस उजवीकडच्या खुर्चीत एक थेंब न काढता बसला होता. डावीकडे आल्याबरोबर त्याला आवरेना. चहात आसवं पडत होती आणि तो तसाच पीत होता. विल्सन घाबरून उठायला लागला, मारिबेलने त्याला दंडाला धरून खाली बसवलं.

शेजारच्या खुर्चीतून तोमासनी खिशातला भिजलेला रुमाल काढला आणि आंकोंगच्या मांडीवर ठेवला.

"असू द्या," ते म्हणाले. "माझंही सकाळपासून हेच चाललंय."

आंकोंगनी रुमालाने नाक पुसलं.

"तुमची निदान सव्वीस वर्षं तयारी होती," ते म्हणाले. "मला मुलगी झाली कधी आणि निघाली कधी, कळलंच नाही."